जेम्स टोनी वाया गेला म्हणणाऱ्या गोव्यातल्या समस्त बॉक्सिंग कोच आणि सिलेक्टर मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

कोच सर, सिलेक्शनवाले सर, आणि रविवारी सकाळी अमेरिकेतली फाइट बघून झाली की म्हापशात मिक्स भाजी-पाव खायला जमणारी आपली सगळी गँग, हे पत्र तुम्हा सगळ्यांना एकत्रच. एकेकाला गाठून भांडायला मला टाइम नाही आणि तुमच्या त्या लांबलचक व्हॉइस नोट ऐकायची ताकद तर अजिबातच नाही, तेव्हा एकदाच काय ते उघड लिहून टाकतो, आधी वाचा आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

विषय जेम्स टोनी. निमित्त म्हणजे तो पेडण्याकडचा पोरगा ज्याचं नाव यंदा लिस्टमधून उडवलं, पण त्याच्याकडे नंतर येतो. नाव उडवताना तुमच्यातल्याच एका सीनियर माणसाने सगळ्यांसमोर जे टाकलं ना, की टॅलेंट भरपूर, शिस्त शून्य, दुसरा जेम्स टोनी होणार हा, वाया जाणार, ते काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये. अहो सर, गोव्यातला एखादा पोरगा दुसरा जेम्स टोनी झाला तर पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत मिरवणूक काढावी लागेल आणि तुम्ही ते शाप दिल्यासारखं काय बोलता!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. टोनी बेशिस्त होता, शंभर टक्के होता. पण त्याची बेशिस्त होती ती ताटात आणि वजनकाट्यावर. रिंगमधलं त्याचं काम इतकं शिस्तीचं होतं की तितकं त्याच्या काळात फार थोड्यांचं असेल. आपण या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो आणि म्हणून तो अंडररेटेड राहिला, निदान त्याची १९९१ ते ९४ ची वर्षं तर नक्कीच.

ज्यांना फक्त नाव माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मिशिगनमधला माणूस, जन्म १९६८ चा, टोपणनाव ‘लाइट्स आऊट’. मॅनेजर होती जॅकी कॅलन नावाची बाई, त्या काळात बाईने बॉक्सर मॅनेज करणं म्हणजे लोक तोंडात बोटं घालायचे. ट्रेनर डेट्रॉइटचा बिल मिलर. १० मे १९९१ ला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हा आयोवातल्या डेव्हनपोर्टला गेला मायकल नन्नशी लढायला. नन्न म्हणजे तेव्हाचा आयबीएफ या जागतिक संघटनेचा मिडलवेट (१६० पाउंडांपर्यंतचा गट) चॅम्पियन, ३६ फाइट आणि एकही हार नाही, उंच साउथपॉ म्हणजे डावखुरा, आणि गाव त्याचंच, मैदान त्याचंच, पब्लिक त्याचंच. सट्टेवाल्यांनी टोनीला वीसास एक असा भाव दिला होता. दहा राऊंड नन्नच पुढे, तिन्ही जजांच्या कार्डावर पुढे, तुम्ही कॉर्नरमध्ये असता तर टॉवेल घडी करून बॅगेत टाकायला घेतला असता. आणि अकराव्यात लेफ्ट हूक, डाव्या हाताचा वळवून मारलेला पंच. नन्न आडवा, कसाबसा उठला, आणि मग टोनीने त्याला सोडलाच नाही.

आता मला सांगा, दहा राऊंड मागे असताना डोकं शांत ठेवून अंतर मोजत राहणं, समोरच्याच्या पोटात मारत मारत त्याचे पाय जड करत नेणं, आणि अकराव्यात ती एक फट दिसल्यावर न चुकणं, याला तुम्ही काय म्हणता? नशीब? आमच्या पोरांना तीन राऊंडची फाइट असते आणि दुसऱ्यात मागे पडले की तिसऱ्यात डोळे मिटून हात फिरवायला लागतात, हे तुम्हीच रिंगच्या बाहेरून बोंबलून सांगत असता ना, रे बाबा डोकं वापर म्हणून?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो माइक मॅकलमशी लढला, ड्रॉ झाली, आणि ऑगस्ट ९२ मध्ये परत लढला आणि निसटती का होईना जिंकला. मॅकलमशी लढायला त्या काळातले मोठमोठे लोक टाळाटाळ करायचे हे तुम्हाला माहीत आहे. त्या दोन फाइट यूट्यूबवर बघा, पहिली तर आवाज बंद करून बघा कारण कॉमेंट्रीवाले आपल्याला त्यांच्याच नजरेने बघायला लावतात. मॅकलमचा जॅब, तो पुढच्या हाताचा सरळ पंच, म्हणजे शाळा. टोनी काय करतो बघा. डावा हात पोटावर आडवा, हनुवटी डाव्या खांद्याच्या आड, उजवा ग्लोव्ह गालाला चिकटलेला, आणि हा पळत नाही हां, समोरच्याच्या छातीवर उभा राहतो, हात पुरेल एवढ्या अंतरात. समोरून उजवा आला की खांदा जरासा वळतो, पंच खांद्यावरून घसरून मागे जातो, आणि जो खांदा वळला त्याच वळणात याचा उजवा सुटलेला असतो. म्हणजे बचाव संपला आणि मग हल्ला सुरू झाला असं नाहीच, एकच हालचाल. आपण पोरांना शिकवतो गार्ड वर, गार्ड वर, मग मार. या माणसाचं गार्ड खालीच आणि तरी लागत नाही.

हे टॅलेंट आहे म्हणून सोडून देता येत नाही सर. शोल्डर रोल, हे खांदा वळवून पंच घसरवणं, कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. एझार्ड चार्ल्स, जर्सी जो वॉलकॉट अशा जुन्या लोकांची जी पद्धत होती ती बिल मिलरने त्याच्यात उतरवली, आणि ती अंगात मुरायला स्पारिंग लागतं, हजारो राऊंड स्पारिंग, जिवंत माणसाचे खरे पंच अंगावर घेऊन. टोनीला पहाटे उठून धावायचा कंटाळा होता, बर्गर समोर आला तर नाही म्हणायचा नाही, हे सगळं जगजाहीर आहे, पण स्पारिंगला हा माणूस कधी नाही म्हणाला असं कोणी सांगत नाही. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात एखादा नट असतो बघा, तालमीला तासभर उशिरा येणार, दिग्दर्शक डोकं आपटून घेणार, पण नक्कल मात्र याची चोख पाठ, बाकीच्यांची पण पाठ, आणि प्रॉम्प्टर झोपला तरी प्रयोग हाच ओढून नेतो. त्याला बेशिस्त म्हणा, जरूर म्हणा, पण त्याला काम येत नाही असं कसं म्हणाल?

आणि लढायला मागे हटणारा तर नव्हताच. नन्नला हरवल्यापासून नोव्हेंबर ९४ पर्यंत, साडेतीन वर्षांत, दीड डझनापेक्षा जास्त फाइट. आजचे चॅम्पियन वर्षाला दोन लढले तरी दमले म्हणून इन्स्टावर बीचचे फोटो टाकतात, त्यांना आपण प्रोफेशनल म्हणतो, आणि दर दोन-अडीच महिन्यांनी रिंगमध्ये उतरणाऱ्याला बेशिस्त. फेब्रुवारी ९३ मध्ये वरच्या वजनात जाऊन आयरन बार्कलीला असा धुतला की नवव्या राऊंडनंतर त्याच्या कॉर्नरनेच बस म्हटलं. दुसरं बेल्ट. जुलै ९४ मध्ये चार्ल्स विल्यम्सला बाराव्या राऊंडमध्ये नॉकआउट. बाराव्या! धावत नव्हता ना तो? मग बाराव्यात तो नॉकआउट आला कुठून? येतो तो कमी हलण्यातून, श्वास वाचवण्यातून, समोरच्याला चुकवायला लावून दमवण्यातून. यालाही ट्रेनिंगच म्हणतात, फक्त ते म्हापशाच्या मैदानावर फेऱ्या मारताना दिसत नाही.

आता कोणीतरी म्हणणार की तू फक्त चांगलं चांगलं सांगतोस. नाही, वाईटही सांगतो. फेब्रुवारी ९२ ची डेव्ह टिबेरीची फाइट, ती टोनीला दिली ती चुकीची होती असं मलाही वाटतं, इतका आरडाओरडा झाला की अमेरिकेच्या सिनेटपर्यंत प्रकरण गेलं. वजन उतरवून उतरवून पिळून निघालेला टोनी कसा दिसतो ते तिथे दिसतं, पाय नाहीत, टायमिंग नाही. म्हणजे १९९४ ला तो पहिल्यांदा हरला त्याच्या आधीच घंटा वाजली होती, त्यालाही ऐकू आली असेल आणि त्याच्या माणसांनाही, पण पुढच्या फाइट जिंकत गेला आणि सगळे गप्प बसले. हे आपल्याकडे पण होतं. जिंकणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही.

मग १८ नोव्हेंबर १९९४, लास वेगास, रॉय जोन्स. टोनी ४४ जिंकलेला, दोन ड्रॉ, हार शून्य. ती फाइट तुम्हाला पाठ आहे, कारण तुमच्या फोनमध्ये तिसऱ्या राऊंडची ती क्लिप सेव्ह केलेली असते, जोन्स कोंबड्यासारखा नाचतो, टोनी त्याची नक्कल करायला जातो आणि तेवढ्यात हूक बसून दोरावर जाऊन आदळतो. बारा राऊंड, तिन्ही जज जोन्सकडे, एका कार्डावर तर ११९-१०८. टोनीने त्या फाइटआधी शेवटच्या काही आठवड्यांत किलोच्या किलो वजन काढलं होतं. त्याचे फॅन म्हणतात की तो फिट असता तर जोन्सला फोडला असता. मी त्यातला नाही, स्पष्ट सांगतो. त्या वर्षीच्या जोन्सला कुठलाच टोनी हरवू शकला नसता, तो वेग माणसाचा नव्हताच. फिट टोनी असता तर फाइट जरा जवळची झाली असती, त्याने दोन-चार राऊंड जास्त घेतले असते, बस. ‘असता तर’ वर माणूस मोठा करायचा नसतो. पण मग त्याच न्यायाने एका रात्रीवर माणूस लहानही करू नका ना! जोन्सने त्या दशकात ज्यांना ज्यांना धुतलं त्यांची यादी काढा, सगळेच वाया गेलेले का?

त्यानंतरची तीन वर्षं मात्र मी वाचवायला जाणार नाही. माँटेल ग्रिफिनशी ९५ मध्ये हरला, ९६ मध्ये परत हरला, ९७ मध्ये ड्रेक थाड्झीशी हरला. ग्रिफिन चांगला होता, बुटका आणि चलाख, म्हाताऱ्या एडी फुचने तयार केलेला, पण थाड्झीशी हरणं म्हणजे माणूस तयारीच करत नव्हता याची सही. मग ९७ नंतर सरळ ९९ लाच रिंगमध्ये दिसला. ही वर्षं त्याने घालवली. स्वतःच्या हाताने घालवली. पंचविशी-तिशीतली वर्षं ही, बॉक्सरची सोन्यासारखी वर्षं, आणि इथे तुमचं म्हणणं मला एकदम मान्य.

पण गोष्ट इथे संपत नाही आणि तुम्ही नेमकी इथेच संपवता.

२६ एप्रिल २००३, वय चौतीस. समोर वासिली जिरोव्ह, कझाकस्तानचा, अटलांटा ऑलिंपिकचा गोल्ड, त्या ऑलिंपिकचा बेस्ट बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर ट्रॉफी घेतलेला, प्रोमध्ये एकही हार नाही, क्रूझरवेटचा चॅम्पियन आणि पोटात मारणारा राक्षस. सगळ्यांना वाटलं हा पोटवाला म्हातारा सहाव्यानंतर बसणार. तुम्ही ती फाइट पूर्ण बघितली आहे का? क्लिप नाही, पूर्ण. राऊंडमागून राऊंड दोघं कपाळाला कपाळ लावून उभे, जिरोव्ह फासळ्यांत हाणतोय आणि टोनी त्या जवळच्या अंतरात, जिथे आपल्या पोरांना क्लिंच करण्यापलीकडे, म्हणजे मिठी मारून अडकवण्यापलीकडे, काही सुचत नाही तिथे, कोपर आणि खांद्याने पंच अडवतोय आणि मधल्या चार इंचांतून अपरकट घालतोय. आणि शेवटच्या राऊंडमध्ये, जिथे हा बेशिस्त माणूस खुर्चीवर कोसळलेला असायला हवा होता तिथे, जिरोव्ह खाली गेला. ऑलिंपिक चॅम्पियन खाली आणि तो पोटवाला उभा. मी तो राऊंड किती वेळा बघितला असेल याचा हिशेब माझ्या बायकोकडे आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हेवीवेटमध्ये जाऊन इव्हँडर होलिफील्ड. होलिफील्ड चाळिशीचा, संपत आलेला, हे मान्य, पण टोनी पण मिडलवेटमधून वर आलेला माणूस होता, २१७ पाउंडांवर. नवव्यात पोटात असा बसवला की होलिफील्ड खाली आणि त्याच्या कॉर्नरने टॉवेल टाकला. ‘रिंग’ मासिकाने त्याला फायटर ऑफ द इयर केलं. १९९१ ला केलं होतं, आणि परत २००३ ला केलं. बारा वर्षांचं अंतर. वाया गेलेल्या माणसाला हा मान दोनदा मिळतो होय?

इथे मला माहीत आहे फोंड्याचा आपला मित्र विनोद कांबळीचा विषय काढणार. काढ बाबा. १७ टेस्ट, ५४ चं ॲव्हरेज, लागोपाठ दोन डबल सेंच्युऱ्या, आणि तेविशीत टेस्ट करिअर बंद. ते दुःख वेगळं. तिथे आपल्याला खरंच माहीत नाही की पुढे काय झालं असतं. टोनीच्या बाबतीत आपल्याला माहीत आहे, त्याने नव्वदच्या आसपास फाइट लढून दाखवलं आहे, दहा हरला त्या सगळ्या पॉइंटवर, हेवीवेटची धुडं अंगावर घेऊन सुद्धा बॉक्सिंगमध्ये एकदाही त्याला कोणी स्टॉप करू शकलं नाही.

तुलना करायची तर रोबेर्तो दुरानशी करा. दोन फाइटच्या मध्ये फुगणं, पार्ट्या, वजन उतरवताना मरायला टेकणं, सगळं तेच. नोव्हेंबर १९८० ला शुगर रे लेनर्डसमोर चालू फाइटमध्ये पाठ फिरवून मोकळा झाला, त्याआधी घाईघाईत किती वजन उतरवलं होतं याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. आणि तरी दुरान म्हटलं की तुम्ही कानाला हात लावता, आहा, पनामाचा वाघ. सदतिसाव्या वर्षी आयरन बार्कलीला हरवून मिडलवेट बेल्ट घेतलं हे दर दोन महिन्यांनी मला ऐकवता. तोच बार्कली टोनीने चार वर्षांनी कॉर्नरमध्ये बसवला, पण तेव्हा बार्कली उतरणीला लागला होता म्हणे. एकाच्या बेशिस्तीचं कॅरेक्टर होतं आणि दुसऱ्याची नुसती बेशिस्त राहते, हे मला कळत नाही. मी दुरानला टोनीच्या वरच ठेवतो, त्याचं लाइटवेटचं राज्यच तेवढं मोठं होतं, पण दोघांच्या मध्ये तुम्ही जी दरी ठेवलीय ना, तेवढी नाही.

उलट ज्यांना खरंच बेशिस्तीने खाल्लं ते बघा. बस्टर डग्लसने फेब्रुवारी ९० मध्ये टोकियोत टायसनला पाडला आणि ऑक्टोबरमध्ये होलिफील्डसमोर २४६ पाउंडांचा होऊन आला, तिसऱ्यात संपला. अँडी रुईझने २०१९ च्या जूनमध्ये जोशुआला पाडला आणि सहा महिन्यांत रिमॅचला २८३ पाउंडांवर, बारा राऊंड त्याला जोशुआ सापडलाच नाही. यांच्याकडे एक रात्र होती. टोनीकडे तीन वजनांतली बेल्टं आहेत, मिडल, सुपर मिडल आणि क्रूझर.

आणि हो, डोप. हे लपवायचं नाही. एप्रिल २००५ ला जॉन रुईझला हरवून हेवीवेट बेल्ट घेतलं, टेस्टमध्ये नँड्रोलोन हे स्टेरॉइड निघालं, बेल्ट गेलं, निकाल रद्द. त्याने दुखापतीच्या औषधाचं कारण दिलं. २००७ ला परत सापडला. तेव्हा हेवीवेटमधला टोनी मी हिशेबात धरतच नाही, रहमानबरोबरची ती ड्रॉ जिथे तो २३७ पाउंडांचा होता, सॅम्युएल पीटरच्या दोन फाइट, काही नाही, आणि होलिफील्डवाली फाइट सुद्धा हवी तर बाजूला काढा. जिरोव्हपर्यंत जे आहे तेवढ्यावर मी बोलतो. त्यानंतर २०१० ला एमएमएत, म्हणजे कुस्ती-लाथा सगळं चालतं त्या खेळात, रँडी कूट्यूरकडून पहिल्याच राऊंडमध्ये गळा आवळून घेतला तो तर निव्वळ पैशाचा तमाशा. आणि २०१७ पर्यंत लढत राहिला हे कोणीतरी थांबवायला हवं होतं, नंतरच्या मुलाखतींत त्याची जीभ किती जड झालीय ते ऐकवत नाही. २०२२ ला रॉय जोन्सबरोबरच तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तुम्ही म्हणाल मग अंडररेटेड कसला? अहो, हॉलमध्ये नाव आहे, पण म्हापशात मिक्स भाजी खाताना त्याचं नाव निघतं ते पोरांना घाबरवायला.

आता त्या पोराकडे.

नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे. सिलेक्शनच्या सकाळी काट्यावर नऊशे ग्रॅम जास्त भरला. मग जॅकेटवर जॅकेट घालून बाहेर उन्हात स्किपिंग, बाटलीत थुंकणं, दुसऱ्यांदा काट्यावर चारशे ग्रॅम जास्त, चड्डीवर उभा राहिला तरी जास्त, आणि मग शेरा. बेशिस्त. कोणी विचारलं का की सीझनमध्ये हा पोरगा बीचवरच्या शॅकवर काम करतो, रात्री एकला शिफ्ट सुटते आणि मग स्टाफचं जेवण, उरलेला भात, फ्राइड राइस, जे असेल ते, आणि दोन वाजता झोप? सकाळी सहाला तुमच्या ग्राउंडवर हजर झाला नाही म्हणून तुम्ही त्याला आळशी म्हणता. चवथीत घरी नेवऱ्या आणि पातोळ्या खाल्ल्या असतील त्याही धरा, खाल्ल्याच असणार, मी पण खाल्ल्या, तुम्ही तर विचारूच नका.

आणि प्रो बॉक्सिंगचं वजन आदल्या दिवशी होतं, टोनीसारख्याला रात्रभर पाणी पिऊन, खाऊन सावरायला वेळ मिळायचा, तरी तो टिबेरीसमोर कसा दिसला ते मी वर लिहिलंय. आपल्या ॲमॅच्युअरमध्ये त्याच दिवशी सकाळी वजन आणि त्याच दिवशी फाइट, दुसऱ्या दिवशी फाइट असेल तर परत वजन. इथे एका सकाळी दीड-दोन किलो पिळून काढलेला पोरगा रिंगमध्ये अर्धा मेलेलाच असतो, आणि डोक्याला मार लागायचा धोका वेगळा. म्हणजे जो पोरगा जॅकेट घालून उन्हात उड्या मारून कसाबसा काट्यात बसला आणि सिलेक्ट झाला, त्याला तुम्ही शिस्तीचा म्हणालात, पण केलं त्याने तेच जे टोनी करायचा.

पॅरिसला विनेश फोगाटचं काय झालं विसरलात? ५० किलोच्या फायनलच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त, आणि मेडल गेलं. तिला कोणी बेशिस्त म्हणेल का? रात्रभर झोपली नाही बिचारी, केस कापले. काट्याला तुमची मेहनत वाचता येत नाही. वजन हे एक वेगळं काम आहे, ते आठवड्याला करायचं असतं, त्यासाठी माणूस लागतो, आणि ते काम कोणाचं हे आपल्याकडे कधी ठरतच नाही. टोनीच्या बाजूला बिल मिलरसारखा मास्तर होता ज्याने त्याला खांदा वळवायला शिकवलं, पण ताटावरून हात मागे घ्यायला लावणारा कोणी टिकला नाही. पुढे फ्रेडी रोचच्या जिममध्ये गेला, तिथेही स्पारिंग भरपूर आणि पोट तसंच.

तुम्ही त्या पोराला स्पारिंगमध्ये बघितलंय. मी बघितलंय. तीन वर्षं मोठ्या, एक कॅटेगरी वरच्या मुलाला त्याने दोन राऊंड नुसतं चुकवलं, पायाची जागा न सोडता, आणि तिसऱ्यात पोटात दोन घालून थांबला, मारायची गरज नव्हती म्हणून थांबला. हे कोणी त्याला शिकवलं नाही, कारण आपल्याकडे हे शिकवणारे नाहीतच, रागावू नका, पण नाहीत. हे त्याने फोनवर बघून, मित्राला पुढे उभा करून, शॅकच्या मागे वाळूत तासनतास करून मिळवलंय. तुमच्या हजेरीच्या वहीत त्याला रकाना नाही.

मागणी एवढीच आहे आणि ती फुकटात होण्यासारखी आहे. सिलेक्शनच्या फॉर्मवर बेशिस्त हा एकच शेरा मारायचं बंद करा, वजन कितीने चुकलं, हजेरी किती, स्पारिंग कसं, हे तीन वेगळं वेगळं लिहा आणि खाली ज्याने लिहिलं त्याची सही. जिममध्ये काटा कुलुपात न ठेवता बाहेर ठेवा, दर सोमवारी सगळ्यांचं वजन भिंतीवर लिहा, म्हणजे नऊशे ग्रॅम जास्त आहेत हे सिलेक्शनच्या सकाळी कळणार नाही, तीन आठवडे आधी कळेल. आणि हा पोरगा त्या वजनात मावतच नसेल, वाढतं वय आहे, उंची वाढतेय, तर त्याला वरच्या कॅटेगरीत लढवा ना, तिथे तुमच्या लिस्टमध्ये जो आहे त्याच्याशी बॉक्स-ऑफ लावा, तीन राऊंड, सगळ्यांसमोर, म्हापशाला पेड्याच्या क्रीडासंकुलात किंवा कुठेही. हरला तर मी स्वतः त्याला सांगेन की घरी जा आणि पुढच्या वर्षी ये.

शॅकच्या मालकाशी मी बोललोय. आठवड्यातून तीन दिवस त्याला दहाला सोडायला तयार आहे, त्याचं म्हणणं एवढंच की कोचकडून एक चिठ्ठी आणा. ती चिठ्ठी तुमच्यापैकी कोण देणार ते या रविवारपर्यंत कळवा, फोनवर कळवलं तरी चालेल, फक्त व्हॉइस नोट नको.

आपला,
बार्देसातला एक बॉक्सिंगवेडा